ताप उतरला की खरी काळजी

पावसाळ्याचा जोर ओसरू लागला की नाशिकमधल्या रक्तपेढ्यांचे फोन वाजायचे थांबत नाहीत. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, भाग कोणताही असो, मागणी एकच असते, ‘प्लेटलेट हव्यात’. कुणाच्या ऐंशी हजारांवर आलेल्या असतात, कुणाच्या चाळीस हजारांवर. नातेवाइकांच्या हातात रिपोर्टचा कागद आणि सगळ्यांचे डोळे त्यातल्या एका आकड्यावर खिळलेले. कुणी पपईची पाने वाटत असतो, कुणी किवी शोधत फिरतो, कुणी शेळीच्या दुधासाठी ओळखीपाळखी काढतो. ‘याची प्रतिकारशक्तीच कमी पडली’ अशी हळहळही चाललेली असते. या सगळ्या धावपळीत खाटेवरच्या रुग्णाचा ताप सकाळीच उतरलेला असतो, म्हणून घरचे थोडे निर्धास्तही झालेले असतात. पण त्याचे हातपाय गार पडू लागलेत, पोट दुखतेय आणि सकाळपासून लघवी झालेली नाही, हे विचारायला कुणाला सवड नसते.

डेंग्यूत जे मृत्यू टाळता आले असते, त्यांतले कित्येक याच बेसावधपणात घडतात. त्यामागे दोन घट्ट बसलेले गैरसमज आहेत. पहिला असा की, प्लेटलेट कमी झाल्या, रक्तस्राव झाला म्हणून माणूस दगावतो. दुसरा असा की, शरीराची प्रतिकारशक्ती दुबळी म्हणून आजार वाढतो. दोन्ही समजुती ऐकायला पटतात, पण शरीराच्या आत घडते ते बरेच वेगळे असते. ते समजून घेतले की रुग्णाजवळ बसलेल्या माणसाने नेमके काय पाहायचे हेही आपोआप कळते.

डेंग्यू ज्या कुळातला आहे त्याला वैद्यकात ‘विषाणूजन्य रक्तस्रावी ताप’ म्हणतात. इबोला, मारबर्ग, लासा, पीतज्वर, क्रायमियन-काँगो ताप ही या कुळातली नावे दूरदेशीची वाटतात, पण महाराष्ट्राला हे कुळ परके नाही. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. आजची ‘राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था’ म्हणजे ‘एनआयव्ही’ ती हीच. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणू लागली, तेव्हा त्यामागचा नवा विषाणू याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी शोधला. गोचिडीतून पसरणारा तो ‘माकडताप’ पुढे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत येऊन पोहोचला. त्याआधी जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत, अहमदाबादजवळच्या साणंद तालुक्यातल्या एका गावात क्रायमियन-काँगो तापाचा देशातला पहिला उद्रेक झाला. आधी एक महिला दगावली, मग तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही. तेव्हाही रोगाचे निदान पुण्याच्याच प्रयोगशाळेत झाले होते. डेंग्यू हा या कुळातला सर्वांत घरोब्याचा सदस्य. तो इबोलाइतका जीवघेणा नाही आणि बहुसंख्य रुग्ण आठवडाभरात बरे होतात. पण दरवर्षी आपल्या गल्लीत येणारा हाच असल्यामुळे नाशिककरांशी त्याची गाठ सर्वांत जास्त पडते.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे सगळे विषाणू एकमेकांचे सख्खे नातेवाईक नाहीत. त्यांची घराणी वेगळी, पसरण्याचे मार्ग वेगळे. कुणी डासातून येतो, कुणी गोचिडीतून, कुणी रुग्णाच्या रक्ताच्या संपर्कातून. तरी गंभीर आजाराचे चित्र बरेचसे सारखे असते. आधी कडक ताप, मग रक्तवाहिन्यांतून गळती, रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड आणि शेवटी रक्तदाब कोसळणे. याचे एक मोठे कारण म्हणजे हे विषाणू शरीरात शिरल्यावर आधी आपल्या पहिल्या पहारेकऱ्यांनाच गाठतात.

रात्री गावात अनोळखी माणूस शिरला तर आधी कुत्री भुंकतात, पोलीस पाटील नंतर येतो. आलेला माणूस कोण, कुठला, याच्याशी कुत्र्यांना देणेघेणे नसते. तो आपल्यातला नाही, एवढे त्यांना कळते आणि तेवढे पुरते. शरीराची संरक्षणव्यवस्थाही अशीच दोन पदरी आहे. जन्मापासून सोबत असलेली ‘उपजत प्रतिकारशक्ती’ हा पहिला पदर. ती काही तासांत जागी होते, पण शत्रूचे नाव-गाव तिला ठाऊक नसते. दुसरा पदर ‘अर्जित प्रतिकारशक्ती’चा. ती शत्रूची नीट ओळख पटवून त्याच्याविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी तयार करते आणि ती ओळख वर्षानुवर्षे जपते. मात्र नव्या शत्रूसाठी तिला तयारीला आठवडाभर तरी लागतो. तोवरचा किल्ला पहिल्या पदरालाच लढवावा लागतो.

हा पहिला पदर फार काळ दुर्लक्षित होता. शत्रूला न ओळखताही पेशींना त्याचा सुगावा कसा लागतो, हे कोडे विसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडू लागले. आधी फळमाशीत आणि मग उंदरांत असे संवेदक सापडले, जे जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखतात. त्या शोधांबद्दल ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना २०११ चे नोबेल मिळाले. पहारेकरी पेशींतली महत्त्वाची जात, म्हणजे डेंड्रायटिक पेशी शोधणारे राल्फ स्टाइनमन त्या वर्षीचे तिसरे मानकरी होते. माणसाच्या पेशींतही असे अनेक संवेदक असतात. डेंग्यूसारख्या विषाणूचा वारसा ‘आरएनए’च्या धाग्यात असतो. तो धागा पेशीत जिथे असायला नको तिथे दिसला की संवेदक घंटा वाजवतात.

घंटा वाजली की पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाचे प्रथिन बाहेर सोडते. क्यासनूरचा विषाणू सापडला त्याच वर्षी, १९५७ मध्ये, लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन यांनी ते शोधले. एका पेशीला संसर्ग झाला की तिच्याकडून निघालेले इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करते. सावध झालेल्या पेशी आपापली दारे-खिडक्या लावून घेतात, आतली प्रथिने बनवणारी यंत्रणा आवरती घेतात आणि विषाणूला वाढायला जागा ठेवत नाहीत. सोबत इतर निरोप्या रसायनांचीही धावपळ सुरू होते. त्यांना ‘सायटोकाइन’ म्हणतात. मेंदूतले तापमानाचे केंद्र शरीराची उष्णता वाढवते, अंग मोडून येते, सांधे आणि डोळ्यांच्या खोबणी ठणकतात, ते याच रसायनांमुळे. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांतला ताप हा विषाणूने केलेला घाव नसतो. शरीराने पुकारलेल्या लढाईचा तो नगारा असतो.

डेंग्यूची चलाखी इथे सुरू होते. एडीस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेबरोबर विषाणू त्वचेत उतरतो. तिथे डेंड्रायटिक पेशी पहाऱ्यावर असतात. आगंतुकाला पकडून जवळच्या लसिकाग्रंथीत, म्हणजे अवधाणाच्या गाठीत, नेऊन हजर करणे हे त्यांचे काम. विषाणू याच पेशींत शिरतो, त्यांच्यातच वाढतो आणि त्यांच्याच पाठीवर बसून गाठीत पोहोचतो. पुढे रक्तातल्या मोनोसाइट आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याचे घर बनतात. इबोलाही सुरुवात याच पेशींपासून करतो.

चौकीत शिरल्यावर विषाणू आधी घंटेची दोरी कापतो. डेंग्यूचा विषाणू पेशीतल्या पडद्यांच्या घड्यांमध्ये लपून आपल्या प्रती काढतो, म्हणजे संवेदकांना त्याचा धागा सहजी दिसत नाही. त्याचे एनएस-५ नावाचे प्रथिन तर इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत नेणारा दुवाच नष्ट करते. या दुव्याचे नाव ‘स्टॅट-२’. उंदराच्या पेशीतला स्टॅट-२ या प्रथिनाला नष्ट करता येत नाही. साध्या उंदराला डेंग्यू सहसा होत नाही, त्यामागचे हे एक मोठे कारण. एवढ्याशा फरकाने उंदीर वाचतो आणि माणूस आजारी पडतो. इबोलाचा विषाणू हेच काम वेगळ्या प्रथिनांनी करतो. एक प्रथिन धागा झाकून ठेवते, दुसरे निरोप्याला वाटेत अडवते. अवजारे निराळी असली तरी डाव एकच, सुरुवातीची हाक दाबून टाकायची.

हाक दबली की विषाणूला दोन-चार दिवस मोकळे रान मिळते. मग तो इतका वाढतो की लपून राहणे अशक्य होते. आता एकाच वेळी असंख्य पेशी घंटा वाजवू लागतात. पहिल्या दिवशी दहा जणांनी उठून जो चोर हाकलला असता, त्याच्यासाठी पाचव्या दिवशी अख्खे गाव काठ्या घेऊन अंधारात धावत सुटते आणि त्या काठ्या गावातल्याच माणसांना बसतात. गंभीर रक्तस्रावी तापात शरीराचे असेच होते. सायटोकाइनचा पूर येतो आणि विषाणूपेक्षा त्या पुराचे नुकसान मोठे ठरते.

प्रतिकार किती यापेक्षा तो कधी, हे किती महत्त्वाचे आहे याचे एक बोलके उदाहरण इबोलातून मिळते. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात १९९६ मध्ये इबोलाची साथ आली. रुग्णांची सेवा करणाऱ्या, त्यांच्या अगदी निकट राहूनही आजारी न पडलेल्या २४ जणांच्या रक्ताची तपासणी झाली. त्यांतल्या ११ जणांना संसर्ग झाल्याच्या खुणा मिळाल्या, पण लक्षणे एकालाही नव्हती. त्यांच्या शरीरात दाहक रसायने जोरात उसळली होती, पण लवकर उसळली आणि दोन-तीन दिवसांत शांतही झाली. वेळेवर भडकलेली आणि वेळेवर विझलेली ती आग होती. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिरातींखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्या, काढे आणि सरबतांच्या दुकानदारीला हा तपशील पुरेसे उत्तर आहे. रक्तस्रावी तापात जिंकते ती ‘जास्त’ प्रतिकारशक्ती नव्हे, तर वेळेवर जागी होणारी आणि वेळेवर थांबणारी. ती वेळ साधून देणारी बाटली बाजारात मिळत नाही.

डेंग्यूत याला आणखी एक वळण आहे. या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एकाचा संसर्ग होऊन गेला की त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण उरलेल्या तिघांपासून ते संरक्षण काही काळच टिकते. नंतर वेगळ्या उपप्रकाराचा डास चावला तर जुनी प्रतिपिंडे नव्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. भक्षक पेशींना वाटते की हे प्रतिपिंडांनी पकडून आणलेले सावज आहे. त्या त्याला सरळ आत घेतात. ज्या विषाणूला दार फोडावे लागले असते त्याला असे दार उघडून मिळते, आणि अशा वाटेने शिरलेला विषाणू पेशीची इंटरफेरॉनची हाकही मंदावतो. अमेरिकी वैद्यक स्कॉट हॉलस्टेड यांनी थायलंडमधल्या रुग्णांच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली. क्युबात १९७७ मध्ये पहिल्या उपप्रकाराची साथ आली तेव्हा आजार सौम्य राहिला होता. १९८१ मध्ये दुसरा उपप्रकार आला तेव्हा हजारोंना गंभीर डेंग्यू झाला आणि १५८ जण दगावले. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे अंगात विरळ होत चाललेल्या सहा-नऊ महिन्यांच्या बाळांना तर पहिल्याच संसर्गात गंभीर डेंग्यू होऊ शकतो. ‘मला एकदा डेंग्यू होऊन गेलाय, आता भीती नाही’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. ज्याला तो होऊन गेला आहे, त्याने दुसऱ्या खेपेला अधिक जपायला हवे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणूस दगावतो कशाने? आपल्या बारीक रक्तवाहिन्यांना, म्हणजे केशवाहिन्यांना, आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते आणि त्या अस्तरावर साखर-प्रथिनांचा तलम मुलामा. पाणी, क्षार आणि प्रथिने रक्तात धरून ठेवण्याचे काम ही जोडी करते. संसर्ग झालेल्या पेशींतून डेंग्यूचे एनएस-१ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात रक्तात सुटते. पहिल्या चार-पाच दिवसांत डेंग्यूसाठी जी ‘एनएस-१’ चाचणी होते, ती याच प्रथिनाची. हे प्रथिन केशवाहिन्यांवरचा मुलामा झडवते, भक्षक पेशींना आणखी चिथावते. त्यात सायटोकाइनचा मारा. परिणामी अस्तराच्या पेशींमधल्या फटी रुंदावतात आणि रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, बाहेर झिरपू लागतो. तो फुप्फुसांभोवती आणि पोटात साठतो. वाहिनीत उरलेले रक्त घट्ट होत जाते, हृदयाला पंप करायला रक्तच अपुरे पडते आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. शेतातली ठिबकची नळी फुटलेली असताना कोपऱ्यातल्या झाडाला पाणी पोहोचत नाही, तसे मूत्रपिंडांचे, यकृताचे, मेंदूचे होते. बाहेर रक्ताचा एक थेंबही न सांडता हे घडू शकते. ‘रक्तस्रावी’ हे नाव त्या अर्थाने फसवे आहे. डेंग्यूत जीव बहुतेकदा गळतीने जातो. मोठा रक्तस्राव झालाच, तर तो सहसा लांबलेल्या शॉकच्या पाठोपाठ येतो.

ही गळती होते कधी, तर साधारण आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, बहुधा ताप उतरत असताना. विषाणूची संख्या तोवर घटू लागलेली असते, म्हणून ताप उतरतो. शरीराने उभा केलेला दाह मात्र तेव्हा ऐन भरात असतो. घरच्यांना वाटते संकट टळले, आणि खरी कसोटी तेव्हाच सुरू होते. ही कसोटी २४ ते ४८ तासांची असते. त्यानंतर गळती आपोआप थांबते आणि झिरपलेले पाणी रक्तात परत येऊ लागते. तेवढा काळ नेमके तेवढेच द्रव देऊन रुग्णाला सांभाळले, तर डेंग्यूतला मृत्यूचा दर एक टक्क्याच्या खाली ठेवता येतो. डेंग्यूवर विषाणू मारणारे औषध अजून नाही. या घडीला सर्वांत प्रभावी उपचार म्हणजे मिठाचे पाणी, वेळेवर आणि मापात. माप महत्त्वाचे अशासाठी की गळती थांबल्यावरही सलाइन चालूच राहिले, तर परतलेले पाणी फुप्फुसांत चढते.

मग प्लेटलेटचे काय? त्या कमी होतात हे खरे. अस्थिमज्जा काही दिवस त्यांचे उत्पादन मंदावते, प्रतिकारयंत्रणा काही नष्ट करते, काही रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर खर्ची पडतात. पण आजार उतरणीला लागला की त्या स्वतःहून वाढतात. बाहेरून भरलेल्या प्लेटलेटही त्याच धुमश्चक्रीत फार टिकत नाहीत. सिंगापूर आणि मलेशियात प्लेटलेट वीस हजार किंवा त्याखाली असलेल्या, पण मोठा रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना नाही. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तस्राव रोखण्यात दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट प्लेटलेट दिलेल्या गटात दुष्परिणाम जास्त दिसले. भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसताना प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या देण्याची घाई करू नका, असेच सांगतात. साठ-सत्तर हजारांच्या आकड्यावर नातेवाइकांनी डॉक्टरांचा हात धरावा आणि डॉक्टरांनीही वाद नको म्हणून पिशवी लावावी, यात रुग्णाचे हित नाही. शिवाय ज्याला खरोखर रक्तस्राव होत आहे त्याच्या वाट्याची पिशवी तेवढ्यापुरती दुसरीकडे जाते.

पपईच्या पानांच्या रसाबाबतही हेच म्हणता येईल. प्लेटलेटचा आकडा थोडा लवकर वाढल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. पण त्याने गळती थांबते किंवा जीव वाचतो, असे सिद्ध झालेले नाही. आधीच मळमळणाऱ्या रुग्णाला कडू रस पाजून उलट्या वाढवणे मात्र नक्की तोट्याचे. शरीराचा दाहच जास्त होतो तर तो दाबणारी स्टिरॉइड का देऊ नयेत, असा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. व्हिएतनाममध्ये २२५ मुले आणि तरुणांवर हे करून पाहिले गेले. सुरुवातीलाच प्रेडनिसोलोन देऊनही शॉक टळला नाही. म्हणजे ही प्रतिकारयंत्रणा काढ्याने चढवताही येत नाही आणि गोळीने सहज उतरवताही येत नाही. हाती उरते ती पाळत.

ही पाळत घरातल्या माणसाला ठेवता येते. तापाचा पहिला दिवस कोणता, याची नोंद कॅलेंडरवर करावी, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावर आहेत. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अंगदुखीचे इंजेक्शन घेऊ नये, त्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. नुसत्या पाण्यापेक्षा ओआरएस, मीठ घातलेली भाताची पेज, ताक, नारळपाणी थोडे थोडे देत राहावे. रुग्णाला दर चार-सहा तासांनी लघवी होते का, हे विचारावे. हा प्रश्न फुकटचा आहे आणि प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा जास्त काही सांगून जातो. पोटात सतत किंवा तीव्र दुखणे, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, उठताना अंधारी येणे, विलक्षण मरगळ किंवा उलट अस्वस्थता, यांतले काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. ताप उतरल्यावर रुग्णाला उत्साह वाटायला हवा. ताप उतरूनही तो आणखी मलूल होत असेल, तर ती धोक्याची सूचना समजावी.

रुग्णालयात पाहायचा आकडाही वेगळा आहे. रक्ताच्या त्याच रिपोर्टात ‘हिमॅटोक्रिट’ किंवा ‘पीसीव्ही’ अशी एक ओळ असते. रक्तात लाल पेशींचे प्रमाण किती, ते ती सांगते. प्लाझ्मा झिरपला की हे प्रमाण वाढते. कालचा ४० चा आकडा आज ४८ झाला, म्हणजे वीस टक्के वाढला, तर प्लेटलेट कितीही असोत, गळती सुरू आहे. रक्तदाबाचेही तसेच. वरचा आकडा शेवटपर्यंत बरा दिसत राहतो, खालचा मात्र वर सरकत जातो. १२०-८० ऐवजी १००-८० दिसू लागले, म्हणजे दोन आकड्यांतले अंतर वीसवर आले, तर शरीर निकराने तग धरून आहे. नातेवाइकांनी डॉक्टरांना ‘प्लेटलेट किती?’ याआधी ‘हिमॅटोक्रिट कालच्यापेक्षा वाढले का?’ असे विचारायला सुरुवात केली, तर वॉर्डातल्या चर्चेचा सूरच बदलेल.

ही समज फक्त घराघरांत रुजून भागणार नाही. तापाच्या रुग्णाला पहिल्या दिवशी गोळ्या देऊन घरी पाठवणारा प्रत्येक दवाखाना, मग तो सरकारी असो वा खासगी, त्याला चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा बोलावतो का, हा कळीचा प्रश्न आहे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांतून धोक्याच्या लक्षणांचे मराठी-हिंदीतले छोटे कार्ड प्रत्येक ताप-रुग्णाच्या हाती पडले, तर त्याचा खर्च प्लेटलेटच्या एका पिशवीपेक्षा कितीतरी कमी येईल. आशा सेविकांनी केवळ डासांच्या अळ्या शोधत न फिरता, ताप उतरलेल्या घराची पायरी त्या ४८ तासांत एकदा चढावी. शहरात सध्या डेंग्यूचा कोणता उपप्रकार फिरतो आहे, याची तपासणी नियमित व्हावी आणि ती माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचावी, कारण उपप्रकार बदलला की गंभीर रुग्ण वाढण्याची शक्यता असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये देशातली पहिली फिरती उच्च-सुरक्षा विषाणू प्रयोगशाळा नाशिकमध्येच राष्ट्रार्पण झाली होती. पुण्याची एनआयव्हीही काही तासांच्या अंतरावर आहे. साधने दूर नाहीत, ती नेमाने वापरण्याची शिस्त हवी.

नाशिकला याची निकड इतर शहरांहून अधिक आहे. २०२७ च्या सिंहस्थाची प्रमुख स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे डेंग्यूच्या ऐन हंगामात येतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतील आणि काही जण आपल्या गावचा विषाणू रक्तात घेऊन येतील. इथल्या डासांना तो एकदा मिळाला की मेळा पांगल्यावरही तो इथेच राहील. सिंहस्थाच्या तयारीत बांधकामे वाढतील, त्यांवर पाणी मारण्यासाठी भरून ठेवलेल्या टाक्या आणि खड्डे वाढतील. एडीस डास गोदावरीच्या पात्रात वाढत नाही. त्याला टाकी, पिंप, टायर, कुंडीखालची बशी आणि फ्रीजमागचा ट्रे एवढे पुरते. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करून घासली तरी ही साखळी तुटते. घासणे यासाठी की अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. साधुग्रामाच्या आराखड्यात तंबू, रस्ते आणि शौचालये मोजली जातात, त्याच ओळीत पाण्याच्या झाकणबंद टाक्या आणि ताप-तपासणी केंद्रेही मोजायला हवीत.

डेंग्यूच्या विषाणूला पहिल्या दिवशी हाकलून लावणे आपल्या हातात नाही. ते शरीराचे पहारेकरी करतात आणि विषाणू त्यांना चकवतो. आपल्या हातात आहेत ते ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस. त्या दोन दिवसांत रुग्णाजवळ एक शहाणे माणूस बसलेले असावे, त्याने पेज भरवावी, हात गार आहेत का ते चाचपावे, लघवी झाली का ते विचारावे आणि शंका आली की रात्र असली तरी रुग्णालयाची वाट धरावी. पपईची पाने शोधायला गेलेल्या माणसाने परत येऊन रुग्णाच्या उशाशी बसण्याची गरज आहे.